राखणदाराची खट्ट

बुरोंडीचा आत्माराम कुणाच्या बापाला भ्यायचा नाही, आणि तसं तोंडावर सांगायचाही. तरणेपणी त्यानं आगबोटीवर आगवाला म्हणून कोळसा ओढला. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा बोटीचा शाफ्ट त्याच्या तळपायांना कळायचा. पुढं रत्नागिरीत राजाभाऊंच्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर झाला, तरी वहाणा काढूनच बसायचा.

तेहतीस सालच्या उन्हाळ्यात कोल्हापूरला जाणारी ती मोटार पालीपुढच्या एका वळणावर पोटाखालनं खट्ट करायला लागली. वळणावर वाट राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा दगड. लोक म्हणाले, मान राहिलाय, म्हणून राखणदार ठोकतोय. राजाभाऊंना ते पटलं. एक दिवस नारळ घेऊन ते स्वतःच पुढं बसले. वळणावर खट्ट झालं.

"थांबव रे!"

आत्मारामानं पुढं सपाटीला गाडी उभी केली. गियर घालून क्लच सोडला. खट्ट. गाडी थांबवून परत तेच. खट्ट.

"वळणावर मी गियर बदलतो, म्हणून थयच वाजतं. का राखणदार तिकीट काढून गाडीत बसलाय?"

"गाडीपरीस ह्याचंच तोंड जास्त वाजतंय," मागनं सुक्या मासळीवाली सगुणा बोलली. गाडीभर खसखस पिकली.

त्यानं चाकांना दगड लावले नि गाडीखाली शिरला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा शाफ्ट धरून पिळला. चाकं जागची हलली नाहीत, शाफ्ट मात्र पुढच्या सांध्यात पडणाऱ्या दातासारखा लटपटला. बाहेर येऊन गंजाच्या तांबड्या पुडीनं भरलेला हात त्यानं राजाभाऊंच्या नाकासमोर धरला.

"उभ्या गाडीत इंजिन कितीपण रेटा, थरथर नाय. वेग घेतला की तळपायात थरथर. दुखणं सांध्यात हाय. हा सुटला तर शाफ्ट रस्त्यात रुतंल, आणि आंबा घाटात माणसांसकट गाडी दरीत. मी नेणार नाय."

"नको नेऊस, शिंच्या! मी चालवतो. आधी गाऱ्हाणं होऊ दे."

सगळे उतरून मागं वळणावर गेले नि दगडापुढं उभे राहिले. राजाभाऊंनी नारळ धरला. "बा देवा महाराजा, तुझ्या वाटेवरनं जाणाऱ्या लेकरांची गाडी सुखरूप पोचव रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला रंग चढला. मोटारीवरनं राजाभाऊ कलमांच्या मोहरावर गेले, मोहरावरनं भाऊबंदांच्या वाकड्या नजरेवर. इकडं गाडीखाली पाना फिरत होता. लोक "व्हय म्हाराजा" ओरडले की आत्माराम एक हिसका द्यायचा.

नारळ फुटला. माणसं चढली. राजाभाऊंनी चाकांचे दगड काढायला लावले, ऐटीत गियर घातला. इंजिन रेड्यासारखं डुरकलं. गाडी तसूभर हलेना.

आत्माराम समोर आला. खांद्यावर मुसळासारखा शाफ्ट.

"ठेव तो खाली! तुला कामावरनं काढला!"

"काढा की. मी ह्याला आधीच काढलाय."

आणि रत्नागिरीच्या वाटेला लागला. राजाभाऊ पाठीमागं गियरवर गियर घालत राहिले.