अंबडच्या स्टुडिओतलं रिकामं बसलेलं कार्ड

“सर, पुन्हा चौदा टक्क्यांवरच मेलं!”

दत्ताचा हा दुसरा फोन. वेळ दुपारी सव्वाबारा. दत्ता अंबडला फोटो स्टुडिओ चालवतो. मी जालन्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि त्याचं मशीन मीच जोडून दिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला घनसावंगीजवळच्या एका शाळेतल्या बाईंचा सेवापूर्ती समारंभ होता. जुन्या विद्यार्थ्यांनी ठिकठिकाणाहून शुभेच्छा पाठवल्या होत्या. दत्ताने त्यांची बेचाळीस मिनिटांची फिल्म जुळवली होती, पण ती एक्स्पोर्ट होईना. एक्स्पोर्ट म्हणजे सगळे तुकडे एकत्र करून कुठेही चालेल अशी एक फाइल बनवणं.

“ग्राफिक्सची मेमरी भरली म्हणतंय. म्या स्वतः बाईंच्या हाताखाली पाढे शिकलो सर. त्यांच्याच कार्यक्रमात काळा पडदा दाखवू का?”

फोनवर मी त्याला ड्रायव्हर नव्याने टाकायला लावला. ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषी. पस्तीस मिनिटं गेली. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये हाय परफॉर्मन्स निवडायला लावलं. फरक शून्य. कार्ड गेलं असावं, असं वाटून मी दुसरं कार्ड पिशवीत घातलं आणि बस पकडली. पावणेतीनला स्टुडिओत पोचलो.

स्टुडिओत दत्ता आणि त्याचे वडील अण्णा होते. अण्णा शेतातलं काम उरकलं की इथे येऊन बसतात.

“या सायब. दोन दिवसांपासून पोरगं जेवून न्हाई राह्यलं,” अण्णा म्हणाले.

“सकाळी चार पोळ्या खाल्ल्या की,” दत्ता म्हणाला.

“एरवी सहा खातो.”

मी टास्क मॅनेजर उघडला. कोणता भाग किती काम करतोय, ते त्यात दिसतं. या मशीनमध्ये चित्रांचं काम करणारे दोन जीपीयू आहेत. एक प्रोसेसरच्या पोटातच असलेला, छोटा. दुसरा वेगळ्या कार्डावरचा, मोठा, आठ जीबी मेमरीचा. एक्स्पोर्ट सुरू केला. छोट्यावर अठ्ठ्याण्णव टक्के भार. मोठ्यावर शून्य.

कार्ड जिवंत होतं, नुसतं रिकामं बसलं होतं. मला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली, कारण बदली कार्ड मी उगाच वाहून आणलं होतं.

दत्ताच्या एडिटिंग प्रोग्रामात कार्ड निवडायची सोय नाही. मॉनिटर ज्या जीपीयूला जोडलेला असेल, त्यालाच तो कामाला लावतो. म्हणून मी वाकून मशीनच्या पाठीमागे पाहिलं. मॉनिटरची केबल वरच्या पोर्टमध्ये होती. तो पोर्ट छोट्या जीपीयूचा. मोठ्या कार्डाचा पोर्ट त्याच्या खाली.

“दत्ता, मी केबल खाली लावली होती. वर कुणी नेली?”

“म्याच. खंडेनवमीला पूजेसाठी मशीन पुसायला काढलं ना. मंग अण्णा म्हणले, तोंड पूर्वेला करा.”

“मग दक्षिणेला तोंड करून पूजा करता का?” अण्णांनी मलाच विचारलं.

“तोंड फिरवलं तर केबल पुरंना सर. वरच्या भोकात बसली बराबर. चित्रबी आलं. म्हणलं झालं काम.”

खंडेनवमी होऊन नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांत त्याने फोटोच केले होते, मोठी फिल्म ही पहिलीच. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी मशीन बंद केलं आणि केबल खालच्या पोर्टकडे ओढली. सात सेंटिमीटर कमी. टेपने मोजलं, तरी सातच.

“अण्णा, मशीन पहिल्यासारखं फिरवतो.”

“बिलकुल न्हाई. सायब, तुमचं यंत्र तुम्ही बघा, दिशा माझ्याकडं.”

लांब केबल आणायला दत्ताची गाडी निघणार होती, तेवढ्यात माझं लक्ष लग्नाच्या नमुना अल्बमांकडे गेलं. एकेक चार सेंटिमीटर जाड. दोन अल्बम मशीनखाली सरकवले. मशीन आठ सेंटिमीटर वर आलं, केबल खालच्या पोर्टमध्ये बसली आणि तोंड पूर्वेलाच राहिलं.

“हे झ्याक,” अण्णा म्हणाले. “जरा उंच आसन मिळालं त्याला.”

“वरच्या अल्बमात शेजारच्या गावचे पाटील हायेत,” दत्ता म्हणाला. “त्यांना न्हाई सांगायचं.”

एक्स्पोर्ट सुरू केला. मोठ्या कार्डावर एक्क्याण्णव टक्के भार. चौदा टक्के आले, तेव्हा तिघेही मॉनिटरकडे वाकलो. पंधरा झाल्यावर अण्णांनी चहा सांगितला. एकतीस मिनिटांत फाइल तयार झाली. पेन ड्राइव्हवर घेऊन मी ती पूर्ण बेचाळीस मिनिटं पाहिली. मधे चित्र तुटत असेल, तर ते समारंभात कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. कुठेच तुटलं नाही. अण्णांनी दोनदा डोळे पुसले आणि पंख्याची हवा लागते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला दत्ताचा फोन आला. फिल्म विनाथांबा चालली होती. पडद्यावर स्वतः दत्ता आला, तेव्हा बाईंनी माइकवरून विचारलं होतं, “सत्तावीसचा पाढा आता तरी येतो का रे?”

“मग? आला का?” मी विचारलं.

“सत्तावीस सातेपर्यंत आलो सर. मंग टाळ्या वाजल्या, वाचलो.”

आता मशीन मंद झाल्याचा फोन आला की मी ड्रायव्हरचं नावही काढत नाही. पहिला प्रश्न ठरलेला आहे: मशीन शेवटचं कधी हलवलं आणि कोणी? लोक आधी ‘हलवलंच नाही’ म्हणतात. तेव्हा मी विचारतो, पूजेलासुद्धा नाही?