आमच्या घरी देव नाही

त्या वर्षी मी फक्त श्वास घेत होते, एवढंच. सक्करदऱ्याला आमचं घर, नवरा जीव लावणारा, मुलगी नुकती शाळेत जायला लागलेली. पण माझं मन कशातच नव्हतं. विहारात वंदना सांगायचा मान माझा. वडिलांनी छप्पनला दीक्षा घेतली तेव्हापासून ती मला तोंडपाठ, आणि आवाज असा की रस्त्यावर ऐकू जावा. आता ओठ हलायचे आणि आत काहीच हलायचं नाही. बुद्धाला शरण जाणारी ती मी कुठे गेले, या विचारानं जीव कासावीस व्हायचा. शेवटी नवऱ्यानं धंतोलीच्या एका दवाखान्यात दाखल केलं. या आजाराला डिप्रेशन म्हणतात, हे तिथे कळलं.

उदास माणसाच्या मनातला भक्तिभाव रोज कसा कमीजास्त होतो, ते तिथल्या एक तरुण डॉक्टरीणबाई मोजत होत्या. सकाळच्या गोळ्या झाल्या की यायच्या आणि विचारायच्या, "आज देव किती जवळ वाटतो? शून्य ते दहामध्ये सांगा." मी सांगायची, शून्य. रोज शून्य. त्यांचा चेहरा उतरायचा. अजून सुधारणा नाही, घरी न्यायची घाई करू नका, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो व्हरांड्यात जाऊन रडला.

शेजारच्या खाटेवर काटोलकडची एक काकू होती. आजार माझाच, पण तोंडात सदा रामाचं नाव. तिचा आकडा कधी आठ, कधी तीन. एकदा डॉक्टरीणबाईंसमोरच ती मला म्हणाली, "काहून वं, रोज शून्यच सांगून राहिली? तुह्या घरी देवाले मानतच नाहीत का?"

कुठून बळ आलं देव जाणे, असं लिहायची लोकांना सवय असते. मला तेही लिहिता येत नाही. पण आलं खरं. कित्येक महिन्यांनी मला राग आला. मी ताडकन उठून बसले. "मॅडम, आमच्या घरी देव नाही. आम्ही बौद्ध आहोत. हा प्रश्न मले लागूच होत नाही. मले विचारा, आज वंदना म्हणावीशी वाटली का?"

 डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "चुकलंच माझं." आणि तस्संच विचारलं. मी म्हटलं, "दोन." शाळेतल्या कुठल्याही गुणांचा मला एवढा अभिमान वाटलेला नाही.

पुढे दोनाचे चार झाले, चाराचा घसरून एक झाला. आपण पुन्हा बुडतोय, या भीतीनं मी दिवसभर गप्प राहायची. अशाच एका सकाळी काकू भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आज तोंडातून राम निघूनच नाही राहिला. तुही वंदना म्हण वं. आयकू दे मले."

माझ्याही आत सगळं कोरडं होतं. तरी पाय मोडून बसले, हात जोडले आणि सुरू केलं. पहिल्या ओळीला आवाज चिरकला, मग लागला. काकूनं पडल्यापडल्या हात जोडले. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या राहिल्या, संपेपर्यंत आत आल्या नाहीत.

थोड्याच दिवसांत नवरा मला घरी घेऊन गेला. मन भरून आल्यावरच शरण जायचं असतं, असं मी समजत होते. कोरड्या मनानंही जाता येतं, हे मला एका रामभक्त बाईनं शिकवलं. तिचे उपकार फिटायचे नाहीत. आणि त्या सकाळी डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तर मी आजही मान वर करून सांगते.

"आज म्हणावीशी वाटली का?" त्यांनी विचारलं होतं.

"नव्हती वाटली, मॅडम. पण म्हटली."