आवडाबाईचं भाड्याचं घर

आवडाबाईचं भलं झालं आणि ते मला अजून बघवत नाही. खोटं कशाला बोलू?

शके १८०५ ची गोष्ट. कल्याण स्टेशनातल्या बाबूलोकांना दोन वेळ जेवू घालणारी ही विधवा बाई. मी मामलेदार कचेरीत कारकून. स्वतःचं घर घ्यायचं म्हणून दहा वर्षं गळक्या खोलीत पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवत होतो. पारनाक्याजवळ सहा खोल्यांचं पडकं घर विकायला निघालं, तेव्हा मालक आधी माझ्याकडेच आला. एका खोलीत आपण राहायचं, पाच भाड्यानं द्यायच्या, असा माझा बेत. पण पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात घराचा विसार कोण देतो? "दसऱ्याला देतो," म्हटलं. आवडाबाईनं त्याच संध्याकाळी पेटीतल्या पाटल्या मोडून विसार दिला, आणि दुसरं गिऱ्हाईक नाही हे बघून किंमतही पाडून घेतली!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उरलेले पैसे दिवाळीपर्यंत भरायचे होते, नाहीतर विसार बुडणार. ती विश्रामशेट सावकाराकडे जाणार हे ओळखून मी आधीच त्याचे कान भरले. "घरात पुरुष माणूस नाही. बाई उद्या काशीला निघून गेली तर वसुली कोणाकडून करणार, शेट?" सावकारानं तिला हात हलवत परत पाठवलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

बाई डगमगली नाही. "खोली हवी त्यानं दोन वर्षांचं भाडं आधी द्या," असं तिनं जेवायला येणाऱ्यांना सांगितलं. तिच्या हातचं खाल्लेली माणसं ती. दिलं त्यांनी. घर तिच्या नावावर झालं, भिंतींना चुना लागला, वर मंगळुरी कौलं चढली. व्याज एक पै नाही, तेही माझ्याच कृपेनं!

दिवाळीनंतर मी काम बघायला, म्हणजे खोड काढायलाच गेलो. पुढच्या खोलीत माझी बायको लक्ष्मी चूल लिंपत होती.

"तू इथं काय करतेस?"

ती उठली नाही. "आपलीच खोली आहे ही. नथ मोडली नि भाडं भरलं. पोरं दर पावसाळ्यात ओल्यात निजतात, अहो. आता नाही."

तेवढ्यात मागच्या दारानं आवडाबाई आली. "त्र्यंबकराव, सगळ्यांत आधी पैसे हिनंच आणून दिले. ते बघून बाकीच्यांना धीर आला."

कौलांत कुठं फट दिसते का, ते मी मान वर करून बघितलं. नव्हती. मग सामान आणायला गेलो.