बुडबुडेवाल्याची अट

त्या माणसाने अर्धेच पैसे का घेतले, हा प्रश्न आठ दिवस झाले तरी माझ्या डोक्यातून जात नाही. जास्त मागितले असते तर घरी येऊन चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरले असते. हातात आलेले पैसे परत करणाऱ्याचं काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नाही.

गाडी माझ्या लेकीची, चौदा वर्षांची. आम्ही तिला म्हातारीच म्हणतो. रोज सकाळी सातला लेक माझ्या नातीला मागच्या सीटवर बसवून पाळणाघरात सोडते आणि तशीच पुढे कामावर जाते. महिनाभर गाडीत जळकट वास येत होता. लेकीचं डोकं दुखायचं. नात तर पाळणाघर येईपर्यंत अशी गाढ झोपलेली असायची, की खांद्यावर टाकून न्यावी लागे. सायलेन्सरचा पाइप कुठेतरी फुटलाय आणि धूर आत येतोय, एवढं आमच्या लक्षात आलं. मोठ्या गॅरेजने इंजिनापासून शेपटापर्यंत सगळं नवीन बसवायला सांगितलं. त्या पैशांत दुसरी म्हातारी आली असती. म्हणून शेजारणीने सांगितलेल्या बुडबुडेवाल्याकडे गाडी मीच घेऊन गेले. लेक भोळी आहे, कुणीही काहीही सांगावं आणि तिने मान डोलवावी.

दुकानांच्या रांगेमागे त्याची पत्र्याची शेड. माणूस साठीचा, बारीक, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. भिंतीवर ना दरपत्रक, ना कुठलं प्रमाणपत्र. माझ्या मनात पाल तिथेच चुकचुकली. त्याने इंजिन बंद करायला लावलं, घरात केर काढायचा व्हॅक्युम क्लीनर आणला आणि त्याची हवा सोडणारी नळी सायलेन्सरच्या तोंडात खुपसून भोवती फडकं गुंडाळलं. मग साबणाचं पाणी ब्रशने पाइपाला फासत गाडीखाली सरकत गेला. जिथे बुडबुडे, तिथे गळती. मी पर्स पोटाशी धरून वाकून बघत होते. मधल्या पाइपावर खरंच फेस उसळला. एका सांध्यावरही.

हा त्याचा स्वस्तातला उपाय. भोकापुरता पाइप कापून त्या जागी ढिगाऱ्यातल्या दुसऱ्या पाइपाचा तुकडा वेल्डिंग केला, सांध्यात नवी चकती घातली. तो तुकडा कुणाच्या गाडीचा, असं मी विचारलं.

"तिला आता लागत नाही, ताई," तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. इतक्यात त्याची बायको चहा घेऊन आली, तेव्हा तर संशय आणखी वाढला. गिऱ्हाइकाला चहा कोण देतं? ज्याला काहीतरी झाकायचंय तो.

काम संपल्यावर त्याने अट सांगितली. गाडी रात्रभर इथेच ठेवायची. इंजिनाला लागून, धूर पाइपात सोडणारा जो बिडाचा भाग असतो, त्यात बारीक तडा असावा असा त्याला संशय होता. लोखंड तापलं की तडा मिटतो, साबणाच्या पाण्यालाही सापडत नाही. गाडी गरम आली होती, म्हणून पहाटे पूर्ण थंड असताना ती सुरू करून तड्याची टकटक येते का ते ऐकायचं होतं. तडा निघालाच तर भंगारातून चांगला भाग शोधून देईन, म्हणाला.

पहिल्यांदा भंगार, मग रात्रभर मुक्काम. शेजारणीच्या दिराने अशीच कुठेतरी गाडी ठेवली होती, सकाळी बॅटरी बदललेली निघाली. मी सांगितलं, गाडी आजच हवी. त्याने वाद घातला नाही. ठरलेले पैसे मोजले, अर्धे माझ्या हातात परत ठेवले आणि हात पुसत आत गेला.

मी निघताना बायको दारापर्यंत आली. पूर्वी तो बस डेपोत होता, म्हणाली. एका थंडीत ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपला, धूर आत भरला आणि तो उठलाच नाही. ती बस आदल्या दिवशी ह्यानेच तपासून पास केली होती, फेरीवरून आलेली, गरम. "तेव्हापासून ह्यांचं असंच. थंड गाडी ऐकल्याशिवाय काम झालं म्हणत नाहीत. तुम्ही नेताय तर न्या, पण पहाटे पाचपासून जागे असतात, लक्षात ठेवा." आणि चकतीच्या रिकाम्या खोक्यावर नंबर लिहून दिला.

गोष्ट चांगली होती. इतकी चांगली, की घरी येईपर्यंत माझा तिच्यावरचा विश्वास उडाला. प्रत्येक दुकानदाराकडे अशी एक गोष्ट असतेच.

आठ दिवस गाडी ठीक चालली. वास गेला, मी शेजारणीला धन्यवादही देऊन टाकले. आज जेवताना मी लेकीला सहज विचारलं, आवाज वगैरे काही?

"काही नाही गं. सकाळी सुरू करताना दोन मिनिटं टकटक करते, मग आपोआप गप्प. म्हातारी आहे, खोकणारच." मग भात वाढून घेताना नातीकडे बघत म्हणाली, "ही मात्र आज परत झोपली होती. उचलून न्यावी लागली."

वास गेला होता, झोप गेली नव्हती.

आता दोघी आत झोपल्या आहेत. मी दोनदा उठून नातीच्या नाकाशी बोट धरून आले. अर्धे पैसे त्याने दयेने परत केले नव्हते, गिऱ्हाईक बांधून ठेवायलाही नाही. काम अर्धंच झालं होतं. दुसऱ्या अर्ध्याला मीच नको म्हटलं होतं, चार इयत्ता जास्त शिकलेय म्हणून.

तरी खोटं का बोलू, अजून पुरता भरवसा नाही. भंगारातला भाग दाखवेल तेव्हा मी चष्मा लावून बघेन. गाडी त्याच्या शेडमध्ये जाणार नाही. तो इथे येईल, माझ्या दारात, माझ्यासमोर ऐकेल. किल्ली मी उशीखाली घेतली आहे. लेक सकाळी चिडेल, कामाला उशीर झाला म्हणेल. चिडू दे.

खोक्याचा तुकडा फोनशेजारी ठेवलाय. पाच वाजले की लावते. एवढंच सांगणार आहे, दादा, गाडी रात्रभर थंड आहे, कुणी हात लावलेला नाही, ऐकायला या.