खोल्या दाखवणाऱ्या अक्का

त्र्याण्णव साली बेंगळुरूच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा मुलींच्या हॉस्टेलमधल्या खोल्या आम्हाला एका बाईंनी दाखवल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. नाव मला कधीच कळलं नाही. पदर खोचून त्या झपाझप जिने चढत.

बाबांना एकटीची, उजेडाची खोली पसंत पडली. अक्का मात्र बाबांची बाही धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहत होत्या.

"स्वल्प थांबा, सर," त्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या. "ताप आला तर भिंत पाणी देते काय?"

मी धारवाडच्या एका मुलीबरोबरची अंधारी खोली घेतली आणि चारही वर्षं तिथेच राहिले.

पुढच्या वर्षी मात्र एका नव्या मुलीला त्या सांगत होत्या, "तू एकटीच राहा. तुला सोबत सोसायची नाही."

ती मुलगी सुटल्यासारखी हसली.