मुठीतलं घड्याळ

गोंदियाच्या आमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे आणि त्याची किल्ली बरीच वर्षं फक्त माझ्याकडे असायची. पाहुण्यांना वाटायचं, आत दागिने असतील. आत घड्याळं होती. चावीची, जुनी, बहुतेक मनगटी, आणि दहाबारा टेबलावरची. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. तलावांच्या गावांना फिरावं लागे. कोणत्या घरी कोणाच्या आजोबांचं घड्याळ पेटीत पडून आहे, याचा वास मला फार लवकर लागायचा. चहा पिता पिता मी विषय काढायचो आणि निघताना घड्याळ बहुतेक वेळा माझ्या खिशात असायचं.

रविवारी सकाळी सात ते साडेनऊ मी त्या कपाटापुढे पाट टाकून बसायचो. एकेका घड्याळाला चावी द्यायची, काटे जुळवायचे, कानाला लावून ऐकायचं, मऊ कापडानं पुसून परत ठेवायचं. एवढ्या वेळात माझ्याशी कोणी बोलायचं नाही, असा घरात कायदा होता. तो मीच केला होता. ती घड्याळं कोणी घालायची नाहीत, हाही कायदा माझाच. मी स्वतः सेलवर चालणारं साधं घड्याळ घालायचो, चांगल्यांना ओरखडे पडू नयेत म्हणून. मुलगी दहावीला होती तेव्हा परीक्षेपुरतं त्यातलं एक मागत होती. मी तिला बाजारातून प्लॅस्टिकचं आणून दिलं आणि वर समजावलं की पेपर लिहायला तेच बरं असतं.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. बिरसीच्या विमानतळापलीकडच्या एका खेड्यात एका म्हातारीकडे नवऱ्याचं घड्याळ आहे, असं मला कळलं होतं. सकाळी चहा-भजी घेतली आणि स्कूटर काढली. धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. वर शिकाऊ पायलटांची विमानं गोल गोल फिरत होती.

म्हातारीचं घर गावाच्या टोकाला होतं. मुलगा शेतावर गेलेला, घरी ती आणि सून. सुनेनं खाट टाकली, पाणी दिलं. म्हातारीनं आतून पत्र्याचा डबा आणला, त्यातल्या फडक्याची गाठ सोडली आणि घड्याळ माझ्या हातात ठेवलं. मी ते उजेडाला धरलं. पांढरी तबकडी, निळे काटे, काचेवर एक ओरखडा नाही. असं घड्याळ मी आठदहा वर्षं शोधत होतो.

अशा वेळी चेहरा कोरा ठेवायचा असतो. मी तो ठेवला.

“यात काही राहिलं नाही माय,” मी म्हणालो. “बंदच आहे. आतली मशीन सडली असेल. असली घड्याळं आता कोणी घेत नाही.”

हे शेवटचं वाक्य बोलत असतानाच छातीत दुखायला लागलं. आधी वाटलं, सकाळच्या भज्यांचा प्रताप. मग डावा खांदा भरून आला आणि पाठीवर घामाची धार लागली. मी खाटेवर हात टेकला.

“काऊन जी?” म्हातारी म्हणाली. “तोंड काऊन असं पांढरं पडून राहिलं?”

“काही नाही,” मी म्हणालो आणि आडवा झालो.

त्यानंतर त्या दोघींनी जे केलं ते मला आजही लख्ख दिसतं. सून धावत शेजारच्या घरी गेली आणि त्यांची चारचाकी दारात आणून उभी केली. म्हातारीनं माझ्या शर्टाची बटणं सोडली, पदरानं घाम पुसला आणि मला दम दिला, “बोलू नोका. हालू नोका. मी आहो ना इथं.” गाडीत ती माझ्या शेजारी बसली, तशीच, अनवाणी. गोंदियापर्यंत तिनं माझा उजवा हात सोडला नाही. डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती, याचं मला भानच नव्हतं.

दवाखान्यात नर्सनं मला झोपवलं, छातीला वायरी लावल्या आणि म्हणाली, “अंकल, मुट्ठी खोलो. सलाईन लगाना है.”

माझी मूठ उघडेना. तिनं एकेक बोट सोडवलं. आत ते घड्याळ होतं. म्हातारीनं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नर्सला म्हणाली, “राहू द्या. त्याईच्या उशाशी ठेवा.” मग बायको येईपर्यंत ती बाहेर बाकावर बसून राहिली आणि बायको आली तशी कोणाला न सांगता निघून गेली.

पुढच्या दोन दिवसांत मी खूप घाबरलो होतो, हे इथं कबूल करतो. आपण मरू की काय, ही भीती होतीच. पण तिच्या मागोमाग सारखं एकच आठवत होतं. मी मेलो असतो तर माझं शेवटचं धड वाक्य एक खोटं ठरलं असतं, तेही एका म्हातारीशी, तिच्याच घरच्या खाटेवर बसून बोललेलं. घरच्यांना उद्देशून दोन शब्दसुद्धा नाहीत. ‘असली घड्याळं आता कोणी घेत नाही.’ बस.

तिसऱ्या दिवशी मला नागपूरला नेलं. हृदयाच्या नळ्यांची तपासणी झाली. डॉक्टर तरुण होते, हसतमुख. म्हणाले, “काका, एका नळीत थोडा अडथळा आहे. स्टेंटची गरज नाही. गोळ्या घ्या, रोज चाला, तळलेलं बंद. यावेळी शरीरानं नुसती सूचना दिली आहे. ती ऐका.” बायको इतका वेळ ताठ उभी होती. हे ऐकल्यावर ती स्टुलावर बसली, पर्समधून रुमाल काढला आणि आधी चष्मा पुसला, मग डोळे.

रविवारी मी तिथंच होतो. सकाळी जाग आली आणि सवयीनं तोंडातून निघालं, “आज रविवार. चावी द्यायची राहिली.”

बायको संत्रं सोलत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, “एक रविवार उपाशी राहिली तर मरणार नाहीत ती.”

ती पुढं बोलू लागली, अगदी शांतपणे, संत्र्याच्या फोडीवरच्या शिरा काढत. “मी तुम्हाला किती वर्षं म्हणते आहे, एखाद्या रविवारी सकाळी सारस पाहायला जाऊ. बाबांच्या धानाच्या बांधीत जोडी यायची. लहानपणी आम्ही बांधावर बसून पाहायचो. तुम्ही म्हणता, पुढच्या रविवारी. लोक पुण्यामुंबईहून कॅमेरे घेऊन आपल्या जिल्ह्यात येतात आणि मी इथली, मला लग्नानंतर एकदाही सारस दिसला नाही.”

“तू एकटी का नाही गेलीस?” मी विचारलं. प्रश्न वेडगळ होता, ते बोलल्यावर कळलं.

“मला सारस तुमच्यासोबत पाहायचे होते,” ती म्हणाली आणि संत्र्याची फोड माझ्या तोंडात कोंबली. पुढं बोलायची सोयच ठेवली नाही.

घरी आलो तेव्हा मुलगीही पुण्याहून आलेली होती. चार दिवसांनी मी कपाट उघडलं. रविवार चुकल्यानं एकालाही चावी दिलेली नव्हती, सगळी घड्याळं बंद. मला वाटलं होतं, जीव कासावीस होईल. तसं काही झालं नाही. कपाटाची टिकटिक नव्हती म्हणून स्वयंपाकघरातला आवाज इतका स्वच्छ ऐकू येत होता! मायलेकी कशावरून तरी हसत होत्या. मी थोडा वेळ तिथंच पाटावर बसून ऐकलं. मग मुलीला हाक मारली आणि म्हटलं, “वही घे. मी सांगतो, तू लिही. कोणतं घड्याळ कोणाचं होतं.”

दोन दुपारी आम्ही तेच केलं. हे आमगावच्या तलाठ्याचं, हे नागरा गावच्या एका माणसाच्या वडिलांचं, हे मालगाडीच्या गार्डचं. मला प्रत्येकाचं घर, दारातलं झाड, कोणी चहात साखर जास्त घातली, सगळं आठवत होतं. मुलगी लिहिता लिहिता थांबली. “बाबा, हे सगळं लक्षात आहे. तुमच्या जावयाचा वाढदिवस कधी असतो?”

मी छताकडे पाहिलं. ती इतकी हसली की वही खाली पडली.

मी तिला म्हटलं, तुला हवं ते घे, कोणतंही. मला वाटलं, ती सोनेरी पट्ट्याचं घेईल. तिनं एक गजराचं घड्याळ उचललं. तबकडीवर कोंबडी आहे, ती दर सेकंदाला दाणा टिपते, आणि गजर असा कर्कश की शेजारी उठून बसतात. “ऑफिसात टेबलावर ठेवीन,” ती म्हणाली. माझ्या सगळ्या संग्रहात ते सर्वांत स्वस्त. पण ती गेल्यावर मला कळलं की आनंदानं दिलेलं ते माझं पहिलंच घड्याळ.

म्हातारीचं घड्याळ मी बाजारातल्या माझ्या नेहमीच्या घड्याळजीकडे दिलं. आतली मशीन अगदी चांगली होती, नुसती स्प्रिंग तुटलेली. त्यानं ती बदलली, तेल दिलं, आणि घड्याळ चालू लागलं. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली त्यानंतरच्या रविवारी मी आणि बायको ऑटो करून त्या गावाला गेलो. धानाची कापणी होऊन गेली होती.

म्हातारी अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. मला पाहून तिनं सूप ठेवलं. “जगले का जी!” ती म्हणाली आणि तोंडभर हसली.

मी घड्याळ तिच्या हातात दिलं. म्हटलं, “माय, मी त्या दिवशी खोटं बोललो. हे फार चांगलं घड्याळ आहे. तुमच्याकडून स्वस्तात घ्यायचं होतं म्हणून नावं ठेवली.”

“मले माहीत होतं,” ती म्हणाली.

“कसं?”

“तोंडानं म्हनता, काही कामाचं नाही. डोळे त्याच्यावरून हालत नोहते. पोट्टे जिलेबीकडे पाहातात, तसे पाहून राहिले होते.”

बायको पदराआड हसायला लागली. मला तोंड लपवायला जागा हवी होती, ती मिळेना म्हणून मी त्याच खाटेवर बसलो.

“मंग मी विचार केला,” म्हातारी म्हणाली, “एवढा जीव आहे त्याच्यावर, तं मरताना हाती असू द्या.”

मी घड्याळ तिच्या कानाला लावून दाखवलं. टिकटिक ऐकून ती चमकली. “चालू केलं? कायले जी? मालकानं जन्मात कधी चालवलं नाही हे. लग्नाले जाताना घालत. कोणी वेळ विचारली का आभाळाकडे पाहात अन् सांगत.” आता सूनही हसायला लागली. म्हातारीनं घड्याळ सुनेच्या हातावर ठेवलं. “तू घाल. तुले बसची वेळ पाहा लागते.” सून अंगणवाडीत मदतनीस होती. तिनं ते तिथंच मनगटावर बांधलं. पट्टा सैल होता, शेवटच्या भोकात बसला. ते दिवसभर तिच्या हातावर, भांड्यांत, पाण्यात, मुलांच्या धक्क्यात राहणार, हे मला दिसत होतं. एक क्षण वाटलं, परत मागून घ्यावं, खोटं कशाला बोलू. मग ती सारखी मनगट वळवून पाहत होती ते पाहिलं आणि बरं वाटलं.

बोलता बोलता बायकोनं सारसांचं विचारलं. “आमच्याच बांधीत हायेत,” सून म्हणाली. “चला, दाखवतो.”

बांधावरून आम्ही चौघं एकामागून एक चाललो. मी हळूहळू, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. तलावाच्या पाळीपाशी सुनेनं हात वर करून आम्हाला थांबवलं. धसकटांत तीन पक्षी उभे होते. दोन मोठे, लाल मानेचे, जवळजवळ माझ्या उंचीचे. त्यांच्या मधे एक तपकिरी डोक्याचं पिल्लू चोचीनं चिखल उकरत होतं. मग त्या दोघांनी माना आभाळाकडे केल्या आणि एकदम ओरडले. एकानं सूर धरावा, दुसऱ्यानं तो तोडावा, असं बराच वेळ चाललं. बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. आम्ही किती वेळ उभे होतो, ते मला सांगता येणार नाही. येताना म्हातारीनं नव्या तांदळाची पिशवी ऑटोत ठेवली, आम्ही नको नको म्हणत असतानाच.

त्या हिवाळ्यात मी वहीतली बरीच घड्याळं घरोघरी नेऊन दिली. काही लोक बदलून गेले होते. काहींना काही वाटलं नाही. मालगाडीच्या गार्डनं दार उघडून हिंदीत विचारलं, “ख़राब हो गई क्या?” आणि परत घ्यायला साफ नकार दिला. कपाटात अजूनही दोनतीन डझन आहेत. त्यांना मी सवड मिळेल तेव्हा चावी देतो आणि बाहेर जाताना आलटून पालटून घालतो. एकावर पहिल्याच आठवड्यात ओरखडा पडला. दुखलं, पण छातीत नाही.

नागऱ्याचा तो माणूस मात्र वडिलांचं घड्याळ हातात आल्यावर कितीतरी वेळ ते कानाला लावून उभा होता. मग त्यानं माझ्या तब्येतीची विचारपूस केली. आता तो रोज सकाळी मोटरसायकलनं गोंदियाला येतो, गाडी आमच्या दारात लावतो आणि मला चालायला नेतो. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, बोलतो भरपूर, चालतो भराभर. काल आम्ही मोठा फेरा मारून परत येत होतो. हलवायाच्या कढईत कचोऱ्या फुगत होत्या. माझा पाय आपोआप वळला. त्यानं माझं मनगट पकडलं आणि भर रस्त्यात मला सरळ पुढं ओढत नेलं. “भाभीजींना शब्द दिला आहे,” तो म्हणाला. हलवाई हसत होता. मीही हसत होतो, पण एकदा मागं वळून पाहिलंच.