बंद दाराशी प्रार्थना

टाळेबंदीत चर्च बंद होतं आणि आजारी बाबा आतल्या खोलीत एकटे होते. रविवारी आई, ताई आणि मी त्यांच्या बंद दाराबाहेर चटईवर बसलो. जागरणांनी सगळेच थकलो होतो. आईने प्रभूची प्रार्थना सुरू केली. मध्येच बाबांना खोकल्याची उबळ आली आणि आम्ही थांबलो.

मग बाबा म्हणाले, “‘आमची रोजची भाकरी आज आम्हांस दे’, इथपर्यंत आलो होतो ना?”

“तुम्ही पडून राहा, आम्ही म्हणतो,” आई म्हणाली.

“नको. मिळून म्हणू.”

या प्रार्थनेत ‘मी’ कुठेच नाही, सगळं ‘आम्ही’ आहे, हे मला तेव्हा जाणवलं. बाबांच्या दमाने, थांबत थांबत पुढे गेलो. शेवटचं ‘आमेन’ आतून आलं. मग कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच आई तिथेच, दाराला डोकं टेकून, झोपी गेली.